टॅटू मशीनचा स्ट्रोक कसा निवडावा: शिरोरेषेपासून ग्रे शेडिंगपर्यंत

टॅटू मशीन घेताना वजन, बॅटरी आणि व्होल्टेज यांची चौकशी प्रत्येक जण करतो. स्ट्रोकचा, म्हणजे सुईच्या वर-खाली प्रवासाच्या अंतराचा, आकडा मात्र विक्रेता सांगेल तो मुकाट्याने मान्य केला जातो. पुढे एखाद्या जाड बाह्यरेषेत मध्येच फिकट तुकडे राहतात, किंवा चेहऱ्यावरची मऊ छटा बरी झाल्यावर डागाळलेली दिसते, तेव्हा सगळा दोष हाताच्या माथी मारला जातो. हात चुकतोच, पण पुष्कळदा हात योग्य असतो आणि त्या हातातल्या मशीनचा स्ट्रोक त्या कामासाठी नसतो. सरावाच्या कातडीवर हात बसवून माणसांच्या त्वचेवर काम करू लागलेल्या आर्टिस्टने स्ट्रोक कसा समजून घ्यावा, कसा निवडावा आणि बदलल्यावर काय तपासावे, हे येथे सांगत आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातल्या स्टुडिओंत नेहमी येणाऱ्या दोन कामांची आहेत: देवनागरी अक्षरे आणि करड्या छटांतले व्यक्तिचित्र.

स्ट्रोक आणि खोली वेगळ्या गोष्टी आहेत

स्ट्रोक म्हणजे सुईने सर्वांत वरच्या बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत कापलेले अंतर. रोटरी, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये मोटरच्या आसावर एक कॅम, म्हणजे आसाबरोबर फिरणारी चकती, बसवलेला असतो आणि त्यावरची खुंटी आसाच्या मध्यापासून थोडी बाजूला असते. ती जितकी बाजूला, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. खुंटी मध्यापासून १.७५ मिलिमीटर दूर असेल, तर स्ट्रोक ३.५ मिलिमीटर मिळतो. हा आकडा बहुतेक मशीनच्या रचनेतच ठरलेला असतो. व्होल्टेज कमीजास्त केल्याने टोचण्याची गती बदलते, स्ट्रोक बदलत नाही.

खोली मात्र आर्टिस्टच्या हातात असते. सुई खालच्या टोकाला असताना कार्ट्रिजच्या (सुया बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळीच्या) तोंडाबाहेर किती येते आणि ते तोंड त्वचेपासून किती अंतरावर धरले आहे, यावरून खोली ठरते. शाई बाह्यत्वचेखालच्या डर्मिसमध्ये, साधारणपणे पृष्ठभागापासून एक ते दोन मिलिमीटरच्या टापूत बसावी लागते, आणि हे गणित २.५ मिलिमीटरच्या स्ट्रोकला जितके लागू आहे तितकेच ४.५ मिलिमीटरच्या स्ट्रोकलाही. ‘स्ट्रोक मोठा म्हणजे सुई खोल जाते’ ही समजूत इतकी पसरलेली आहे की नवे आर्टिस्ट मोठ्या स्ट्रोकला घाबरून त्वचेवर तीन-तीन वेळा फिरतात आणि ती जखमी करतात.

मग स्ट्रोक बदलल्याने नेमके काय बदलते? दोन गोष्टी बदलतात: सुई त्वचेला भेटते त्या क्षणीचा तिचा वेग, आणि प्रत्येक फेरीत ती त्वचेच्या आत घालवते तो वेळ. बाकीचे सगळे फरक या दोहोंतून निघतात, म्हणून इथे आकड्यांत थोडे खोल जाणे भाग आहे.

सुई त्वचेला भेटते तेव्हा

कॅमवर चालणाऱ्या सुईचा वेग सारखा नसतो. वरच्या आणि खालच्या टोकाला ती क्षणभर थांबते आणि मधल्या प्रवासात सर्वांत वेगवान असते. समजा, मशीन सेकंदाला १०० टोचे मारत आहे आणि सुई त्वचेत १.५ मिलिमीटर जाते आहे. स्ट्रोक २.५ मिलिमीटर असेल, तर त्वचेला स्पर्श होताना सुईचा वेग सेकंदाला सुमारे ७७० मिलिमीटर असतो. ३.५ च्या स्ट्रोकला तो सुमारे १,०९० होतो आणि ४.५ ला सुमारे १,३३० पर्यंत जातो. २.५ आणि ४.५ यांच्या वेगातला फरक पावणेदोन पटींच्या आसपास वाटला, तरी हलणाऱ्या सुईतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून आघात तिप्पट होतो. अकरा किंवा चौदा सुयांचा जाड जुडगा त्वचेत एकसारखा शिरायला हाच आघात लागतो. एकट्या किंवा तीन सुयांच्या कार्ट्रिजला त्वचेचा विरोध फार थोडा होतो, त्यामुळे तोच आघात तिथे अनावश्यक आणि कधीकधी घातक ठरतो.

आता वेळेकडे पाहू. वरच्याच उदाहरणात २.५ मिलिमीटरच्या स्ट्रोकची सुई प्रत्येक फेरीतला सुमारे ५६ टक्के वेळ त्वचेच्या आत असते, ३.५ ला हे प्रमाण ४५ टक्क्यांवर येते आणि ४.५ ला ३९ टक्क्यांवर. लहान स्ट्रोकची सुई फक्त एक मिलिमीटर बाहेर येते आणि परत शिरते. ती आत असताना हात पुढे सरकत असतो, म्हणजे ती तेवढे अंतर त्वचा ओढत नेते. ‘लहान स्ट्रोक त्वचेला मवाळ’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे: आघात मवाळ असतो, पण हात घाईचा असेल तर ओढ जास्त बसते. लहान स्ट्रोक वापरणाऱ्याने हात संथ ठेवला पाहिजे.

शाईचा प्रवाहही यातच येतो. सुई वर जाताना कार्ट्रिजच्या तोंडात जितकी आत जाईल, तितकी ती शाईने माखून खाली येते. स्ट्रोक लहान ठेवून सुई बरीच बाहेर काढून ठेवली, तर तिचे टोक शाईच्या साठ्यापर्यंत परत पोहोचतच नाही आणि रेषा कोरडी पडते. अशा वेळी व्होल्टेज वाढवणे हा उपाय नव्हे. सुई थोडी आत घेणे किंवा स्ट्रोक वाढवणे हा उपाय आहे.

यावर एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्वचा ही लवचिक वस्तू आहे. सुईखाली ती आधी दबते आणि मग भेदली जाते, शिवाय ताण नीट दिलेला नसेल तर ती सुईबरोबर वर-खाली होते. म्हणून हे आकडे तुलनेसाठी घ्यावेत. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरणे जमले नसेल, तर कोणताही स्ट्रोक उपयोगाचा नाही.

रेषा

रेषेसाठी स्ट्रोक निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो सुयांच्या संख्येचा. सात किंवा त्याहून अधिक सुयांचे राउंड लायनर (रेषेसाठी सुया गोल जुडग्यात बांधलेले कार्ट्रिज) वापरून ठळक बाह्यरेषा एका ओढीत काढायची असेल, तर ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. नऊ, अकरा आणि चौदा सुयांसाठी ४.२ ते ५ मिलिमीटर योग्य. कंपन्याही याच धोरणाने मशीन बनवतात. बिशप कंपनीचे पॉवर वाँड मशीन शेडिंगसाठी ३.५, रंग भरण्यासाठी ४.२ आणि रेषेसाठी ५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या स्ट्रोकमध्ये मिळते. शायेन कंपनीचे सोल नोव्हा अनलिमिटेड ३.५ आणि ४ मिलिमीटरमध्ये मिळते.

मोठ्या स्ट्रोकचा खरा फायदा हात एकदाच फिरवून काम संपण्यात आहे, आणि आपल्याकडच्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेवर तो फार मोलाचा आहे. अशा त्वचेला जास्त इजा झाली की बरे होताना तिथे रंगद्रव्य साठून काळपट पट्टा राहण्याची शक्यता अधिक असते, आणि ज्यांच्या त्वचेचा कल तसा असतो त्यांना केलॉइडही, म्हणजे जखमेवर वाढत जाणारा उंच वणही, येऊ शकतो. अपुऱ्या स्ट्रोकने तीनदा फिरून काढलेल्या रेषेपेक्षा पुरेशा स्ट्रोकने एकदाच, ठाम हाताने काढलेली रेषा त्वचेला कमी त्रास देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारीक रेषेचा हिशेब मात्र वेगळा आहे. एक, तीन किंवा पाच सुयांच्या लायनरसाठी ३ ते ३.५ मिलिमीटर पुरेसे होतात. इथे ४.५ वापरल्यास बारीक सुईला त्वचेचा विरोध जाणवत नाही, त्यामुळे हात जरा जड पडला तरी ती खोल शिरते, शाई डर्मिसच्या खाली चरबीच्या थरात पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली उमटते, ज्याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाची आतली बाजू, कोपराचा खळगा, घोटा आणि कानामागची जागा इथे हा धोका सर्वाधिक असतो.

देवनागरी अक्षरांत या दोन्ही गरजा एकाच शब्दात एकत्र येतात. शिरोरेषा ही लांब, सरळ, एकसारख्या जाडीची रेषा. तिच्यात किंचितही थरथर किंवा तुटकपणा राहिला तर सबंध शब्द वाकडा दिसतो. तिच्याखाली ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांसारखी दाट वळणे आणि चिमुकल्या पोकळ्या असतात. वर्षे जातात तशी त्वचेतली प्रत्येक रेषा थोडी रुंदावते, म्हणून या पोकळ्या पहिल्या दिवशी जेमतेम मोकळ्या असतील, तर पुढे त्या भरून जातात. माझी पद्धत अशी आहे की शिरोरेषा आणि उभे दंड सात सुयांच्या लायनरने ४ मिलिमीटरवर काढावेत आणि आतली वळणे तीन सुयांनी ३.५ किंवा त्याहून कमी स्ट्रोकवर. जिथे काना शिरोरेषेला भेटतो तिथे एकाच जागी दोनदा सुई पडते आणि ठिपका फुगतो. तो टाळण्यासाठी दुसरी रेषा सुरू करताना हात आधी हवेतच पुढे सरकवत आणावा आणि सुई अलगद उतरवावी. मोठ्या स्ट्रोकवर तर हे न चुकता करावे. अनुस्वाराचा ठिपका सर्वांत शेवटी, लहान स्ट्रोकवर, हात जवळजवळ स्थिर ठेवून द्यावा. अनेक जण तो एका जोरदार टोच्यात उरकतात, आणि ब्लोआउट नेमका तिथेच सापडतो.

छटा

शेडिंगसाठी लहान स्ट्रोक, हा नियम पुस्तकी आहे आणि तो अर्ध्याच कामांना लागू पडतो. शेडिंग एक तंत्र नाही; निदान दोन परस्परविरोधी तंत्रे त्या नावाखाली येतात.

पहिले म्हणजे गुळगुळीत छटा. शिवाजी महाराजांचे व्यक्तिचित्र घेतले, तर गालावरून दाढीकडे जाणारी सावली, जिरेटोपाच्या घड्या आणि डोळ्यांखालचा मऊ भाग यांत कुठेही सुईचा ठिपका वेगळा दिसता कामा नये. यासाठी पातळ केलेली ग्रे वॉश शाई, वक्र मॅग्नम (सुया रुंद ओळींत मांडलेले) कार्ट्रिज आणि २.५ ते ३.२ मिलिमीटरचा स्ट्रोक घ्यावा. आघात कमी असल्याने त्याच भागावर थरावर थर देता येतात आणि छटा हळूहळू गडद करता येते. हात लहान वर्तुळांत किंवा लंबगोलांत, संथपणे फिरत राहावा. वर सांगितलेली ओढ इथेच बाधते: घाईने फिरवलेला हात त्वचेवर खरचटल्यासारखा दिसतो, आणि बरे झाल्यावर गालावर चट्टे राहतात. चेहऱ्याच्या चित्रात याला क्षमा नाही.

दुसरे तंत्र म्हणजे व्हिप शेडिंग, ज्यात हात चाबकासारखा झटकून ठिपक्यांची विरळ होत जाणारी रांग सोडायची असते. इथे ठिपके वेगळे दिसायलाच हवेत, म्हणून सुई प्रत्येक वेळी त्वचेबाहेर स्वच्छ निघाली पाहिजे आणि शिरताना थेट शिरली पाहिजे. यासाठी ३.५ ते ४ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि कमी गती हवी. दोन ठिपक्यांमधले अंतर हाताचा वेग भागिले दर सेकंदाचे टोचे, एवढे सोपे असते. सेकंदाला ७० टोचे आणि हात सेकंदाला १०० मिलिमीटर झटकला, तर ठिपके सुमारे १.४ मिलिमीटर अंतरावर पडतात. त्याउलट सेकंदाला १०० टोचे आणि ३० मिलिमीटरचा संथ हात असेल तर अंतर ०.३ मिलिमीटर होते, जे ०.३५ मिलिमीटर व्यासाच्या एका सुईपेक्षाही कमी आहे, म्हणून अखंड रेषा दिसते. २.५ च्या स्ट्रोकवर व्हिप करू पाहणाऱ्याला ठिपक्यांऐवजी ओरखडे मिळतात आणि तो महिनोन्‌महिने मनगट बदलत बसतो; बदलायला हवा असतो स्ट्रोक. मांडला पद्धतीच्या डॉटवर्कलाही, म्हणजे ठिपक्यांनी केलेल्या कामालाही, हेच लागू आहे.

गडद काळा किंवा रंग घट्ट भरायचा असेल, तर मोठ्या मॅग्नमसह ३.८ ते ४.२ मिलिमीटर घ्यावेत आणि हात सावकाश ठेवावा. पांढरा आणि पिवळा हे रंग सावळ्या त्वचेवर मुळात मंद दिसतात. ते उठावेत म्हणून स्ट्रोक वाढवत नेल्याने फक्त जखम वाढते. भुवया किंवा ओठांच्या कॉस्मेटिक कामासाठी, जिथे त्वचा पातळ आणि रंग उथळ बसवायचा असतो, २ ते २.५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये.

कॉइल मशीनचे सल्ले रोटरीला लावू नयेत

जुन्या कॉइल, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणाऱ्या मशीनवर शिकलेले गुरू सांगतात की लायनरचे अंतर कमी आणि शेडरचे जास्त ठेवावे. अमेरिकेत यासाठी नाण्यांचे माप वापरले जाई: लायनरला १.३५ मिलिमीटर जाडीचा डाइम, शेडरला १.९५ मिलिमीटर जाडीचा निकेल. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो कॉन्टॅक्ट स्क्रू (विद्युतचुंबकाचा प्रवाह जोडणारा स्क्रू) आणि पुढची स्प्रिंग यांच्यातल्या फटीविषयी आहे. कॉइलमध्ये फट कमी केली की गती वाढते. स्ट्रोक आणि गती तिथे एकमेकांना बांधलेले असतात. रोटरीत त्या दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, त्यामुळे तोच नियम रोटरीला लावला की आर्टिस्ट जाड रेषेसाठी नेमके लहान स्ट्रोकचे मशीन घेऊन बसतो.

काही रोटरी मशीनमध्ये गिव्ह असतो, म्हणजे त्वचेचा विरोध वाढला की आतली स्प्रिंग दबून सुई किंचित मागे राहते. गिव्ह असलेले ४ मिलिमीटरचे मशीन गिव्ह नसलेल्या मशीनपेक्षा मऊ चालते. म्हणून दोन मशीनची तुलना करताना केवळ स्ट्रोकचा आकडा पाहू नये, गिव्ह किती आहे तेही विचारावे.

एकच मशीन असेल तर

नव्याने स्टुडिओ सुरू करणाऱ्याला तीन मशीन परवडत नाहीत. त्याने ३.५ मिलिमीटरचे एक चांगले मशीन घ्यावे आणि उरलेले काम गतीवर सोपवावे. सुईचा शिरतानाचा वेग स्ट्रोकप्रमाणे गतीवरही अवलंबून असतो. ३.५ चे मशीन सेकंदाला ७० टोच्यांवर आणले, तर सुई जवळजवळ त्याच वेगाने त्वचेला भेटते, ज्या वेगाने २.५ चे मशीन १०० टोच्यांवर भेटते. अट एवढीच की टोचे तीस टक्क्यांनी घटले आहेत, म्हणून हातही तितकाच हळू करायचा. उलट दिशेला, जाड रेषेसाठी तेच मशीन सेकंदाला सुमारे १२२ टोच्यांवर नेले की ४.५ च्या मशीनचा १०० टोच्यांवरचा वेग मिळतो. मात्र टोचे वाढल्याने हात थोडा जलद हलवावा लागतो, नाहीतर त्वचा चघळली जाते. चौदा सुयांचा लायनर अशा रीतीने ओढण्याचा हट्ट मात्र करू नये.

ही जुळवाजुळव व्होल्टच्या आकड्यावर करता येत नाही, कारण एका मशीनचे ७ व्होल्ट म्हणजे दुसऱ्याचे ७ व्होल्ट नव्हेत. मशीन किंवा पॉवर सप्लाय हर्ट्झ दाखवत असेल तर तो आकडा पाहावा. दर सेकंदाचे टोचे म्हणजेच हर्ट्झ.

बदलल्यावर काय तपासावे

स्ट्रोक बदलता येणाऱ्या मशीनमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते. मोटरचा आस जागचा हलत नाही, त्यामुळे स्ट्रोक वाढवला की वाढीचा निम्मा भाग वर जातो आणि निम्मा खाली. ३.५ वरून ४.२ वर गेल्यास सुई खालच्या टोकाला ०.३५ मिलिमीटर अधिक बाहेर येते. ज्या थरात आपण काम करतो तो जेमतेम मिलिमीटरभराचा असताना ही वाढ नगण्य मुळीच नाही. म्हणून स्ट्रोक बदलला की ग्रिप (मशीनची हातात धरायची नळी) फिरवून सुईचे बाहेर येणे पुन्हा ठरवावे, तेही मशीन चालू ठेवून, कारण बंद मशीनमध्ये सुई कोणत्या बिंदूवर थांबली आहे याचा भरवसा नसतो. चालू सुईचा धूसर पट्टा कार्ट्रिजच्या तोंडाबाहेर दोन ते अडीच मिलिमीटर दिसावा, ही सुरुवातीची जागा समजावी.

कंपनीने सांगितलेला स्ट्रोक खरा आहे का, हेही पाहता येते. नवे कार्ट्रिज लावून सुई शक्य तितकी बाहेर काढावी, मशीन सुरू करावे आणि सुईशेजारी पोलादी मिलिमीटर पट्टी धरून फोनने जवळून छायाचित्र घ्यावे. सुईच्या टोकाने आखलेल्या धूसर पट्ट्याची लांबी म्हणजे स्ट्रोक. पट्टीला सुई लागू देऊ नये आणि ते कार्ट्रिज नंतर माणसावर न वापरता सुयांच्या डब्यात टाकावे. स्वस्त मशीनमध्ये छापील आकडा आणि ही लांबी यांत फरक सापडला, तर निवड मोजलेल्या आकड्यावर करावी. स्ट्रोक वाढला की कंपनही वाढते. ग्रिप हातात बधिरपणा आणत असेल तर कॅमचा स्क्रू सैल झाला आहे का ते आधी बघावे.

नव्या स्ट्रोकवर पहिले काम सरावाच्या कातडीवर करावे, पण निकाल तिच्यावरून लावू नये, कारण ती ना सुजते ना बरी होते. ग्राहकाच्या नोंदीत त्वचेची जागा, कार्ट्रिज, स्ट्रोक आणि हर्ट्झ लिहून ठेवावेत, आणि चार ते सहा आठवड्यांनी त्याला परत बोलावून त्याच प्रकाशात छायाचित्र घ्यावे. रेषेत फिकट तुकडे दिसले तर पुढच्या वेळी स्ट्रोक किंवा गती वाढवावी. रेषेभोवती सावली दिसली तर आधी सुईचे बाहेर येणे कमी करावे आणि मगच स्ट्रोकला हात लावावा. छटेत चट्टे दिसले तर स्ट्रोक तोच ठेवून हात संथ करून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे पुढच्या छायाचित्रातला फरक कशामुळे पडला ते नोंदीवरून कळेल.